पूजेला मांडलेला रॉड

म्हातारपण आपोआप येत नाही. लोक ते घरपोच आणून देतात. आधी बसमध्ये उठून जागा देतात. मग हातातली पिशवी काढून घेतात. मग म्हणतात, तुम्ही कशाला आलात, आम्ही होतो ना. आणि माणूस खुळ्यासारखा खूश होतो. वर्षभरात त्याचे गुडघे वाजायला लागतात. माझ्या वयाचे आमच्या चिंचवडात जेवढे आहेत त्यातले निम्मे पारावर बसून मांड्या चोळतात, उरलेले सकाळी हात हलवत हवा खायला जातात. हवा खाऊन कुणाच्या अंगी लागली असेल तर तो माणूस मला दाखवावा.

मी रॉड उचलतो. लोक विचारतात, ह्या वयात एवढी जिद्द आणता कुठून? मी सांगतो, तुमच्याकडं बघून. त्यांना ते कौतुक वाटतं.

मी दुसरी शिकलो. तिसरीत नाव होतं, मी नव्हतो. बाकीचं वाचायला कंपनीत शिकलो, भिंतीवरच्या पाट्यांची अक्षरं लावून लावून. तेव्हा शुद्धलेखन बघणाऱ्यांनी पुढचं वाचू नये.

एकोणीसशे बासष्टच्या सुमाराला मी चाकणचा बाजार सोडून इकडं आलो. तिथं कांद्याची पोती पाठीवर मारायचो. इकडं माळावर कंपन्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि फोर्ज शॉपला दांडगी माणसं पाहिजे होती. फोर्ज शॉप म्हणजे जिथं लाल लोखंड हातोड्याखाली ठेचून त्याला आकार देतात. वय किती विचारलं तर मी म्हटलं, तुम्हीच टाका. मुकादमानं बैलाचे दात बघावेत तसे माझे दंड दाबून बघितले आणि आत घेतलं. तेव्हा मी चाळिशीच्या उंबऱ्यावर असेन. विशीतली पोरं भट्टीसमोर तासाभरात पाण्याच्या माठाकडं पळायची. मी पळालो नाही. ह्यात शौर्य काही नाही, मला त्यांची तोंडं बघवत नव्हती.

पाचेक वर्षांनी कंबर गेली. लोखंडाचा साचा दोघांनी धरून गाड्यावर ठेवायचा होता. माझ्या जोडीदाराला तेवढ्यात शिंक आली. शिंक आली म्हणून त्यानं साचा सोडला, आणि वर मला म्हणाला, तुम्हीपण सोडायचा की राव. सोडला असता तर माझ्या पायावर पडला असता. एवढं त्याच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. तो पुढं मुकादम झाला.

कंपनीच्या डॉक्टरानं मला पालथं घातलं, दोन बोटांनी टोचून बघितलं आणि सांगितलं की इथून पुढं पाण्याच्या कळशीपेक्षा जड काही उचलायचं नाही. कमरेला पट्टा दिला आणि लाइट जॉब लावला. लाइट जॉब म्हणजे हत्यारांच्या खोलीत खिडकीमागं बसायचं, पाने-हातोड्या द्यायच्या आणि घ्यायच्या. तिथं माझ्याआधी तिघं बसलेले होते. एकाची बोटं गेलेली, एकाला दमा, तिसऱ्याला काहीच झालेलं नव्हतं, तो साहेबाच्या गावचा होता. तिघांची पोटं मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखी. तंबाखू मळायची, कँटीनचा वडा खायचा, अंग कुठं कुठं दुखतं ते एकमेकांना सांगायचं. दुखण्याच्या पैजा लागायच्या. महिन्याभरात मीपण एकदा सांगायला तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. त्याच संध्याकाळी मी तालमीत गेलो.

गावातली तालीम म्हणजे पत्र्याची लांबुडकी खोली. एका टोकाला मारुती, मधे कुस्तीचा हौद आणि दुसऱ्या टोकाला रॉड. हौदात उतरायचं माझं वय नव्हतं, पोरांनी लाडानं पाडलं असतं. रॉडला लाड माहीत नाही. तो कंपनीतल्या पोरांनी भंगारवाल्याकडून आणला होता, कुठल्याशा ट्रकचा वाकडा निघालेला ॲक्सल ठोकून सरळ केलेला. दोन्ही टोकांना चढवायला लोखंडाची चाकं, तीही भंगारातलीच, कुणीतरी मधे भोक पाडून दिलेली. वजनाचे आकडे कशावर नव्हते. पोरांनी त्यांना नावं ठेवली होती. सगळ्यात लहान ती वाटी, मग ताटली, मग ताट, आणि सगळ्यात मोठी ती परात. ‘आज मी दोन ताटं मारली’ असं बाहेरच्यानं ऐकलं तर त्याला वाटायचं कुठं जेवण होतं.

मी पहिल्या दिवशी रिकामा रॉड उचलला. पट्टा काढून ठेवला आणि उचलला. वस्ताद म्हणजे तालमीचा गुरू, तो तेव्हा होता. सत्तरीचा, दात नसलेला, बोलण्यात चेंगट. त्यानं एवढंच सांगितलं की पाठ पाटासारखी ठेव, उचलायचं ते मांड्यांनी, आणि रॉडला कधी मिठी मारायची नाही, तो अंगाशी घासत वर आणायचा. सहा महिने मी रिकाम्या रॉडवर होतो. पोरं हसायची. एकानं विचारलं, मामा, वाटीपण न्हाई व्हय? मी म्हटलं, तू तुझ्या लग्नाचं बघ. त्याचं लग्न झालं, पोट सुटलं, तालीम सुटली. मी वाटीवर आलो, ताटलीवर आलो. डॉक्टरच्या कळशीला काय वाटलं असेल ते तिलाच ठाऊक.

वस्ताद गेल्यावर तालमीत उचलणाऱ्यांत सगळ्यात थोरला मी राहिलो. थोरलेपणाबरोबर एक मान माझ्याकडं आला. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं कंपनीत मशिनी धुतात, हार घालतात, पूजा करतात. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम लावायचं नाही. दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्याची सुट्टी. तालमीतही तेच. फिरवायचे लाकडी मुद्गल आणि करेली, रॉड, सगळं पुसून मारुतीपुढं मांडायचं. फक्त पूजेआधी, जे उचलतायत त्यातल्या थोरल्यानं रॉड एकदा डोक्यावर घ्यायचा आणि खाली ठेवायचा. मगच कुंकू लावायचं. वस्ताद म्हणायचा, हत्यार थकवून मग त्याला निजवायचं. तो मान मी वर्षानुवर्षं केला. किती चढवून केला ते सांगत नाही. लाज वाटेल इतकं कमी नव्हतं.

मग मी रिटायर झालो. कंपनीनं शाल दिली, नारळ दिला आणि एक काठी दिली. चांगली पितळी मुठीची. आमच्या खात्यातल्या माणसांनी वर्गणी काढून ती पसंत केलेली. साहेब म्हणाले, आता आराम करा. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ती काठी मी सुनेला दिली, मांजर हाकलायला.

त्याच सुमाराला तालमीला नवा सेक्रेटरी आला. आधी तालमीला सेक्रेटरी नव्हता आणि तालीम चालत होती. हा कंपनीच्या हजेरी लिहिणाऱ्या टाइम ऑफिसातला, पस्तिशीचा, स्कूटरवाला. खिशाला पेन, पोट पेनाच्याही पुढं. त्यानं आयुष्यात उचललेलं सगळ्यात जड वजन म्हणजे स्टँडवर लावायची ती स्कूटर. बोलायला मात्र गोड. तालमीत आरसा लावला. आधी पोरं रॉडकडं बघून उचलायची, मग आरशात बघून उचलायला लागली, आणि मग नुसतीच आरशात बघायला लागली. त्याला तालमीचं व्यायाम मंदिर करायचं होतं. आणि त्या मंदिरात पंचावन्नच्या वरच्यांनी वजन उचलू नये असं त्याचं म्हणणं. पोरांना तो सांगत फिरायचा की मामांना काही झालं तर तालमीवर बालंट येईल. मला एकदाही समोरासमोर बोलला नाही. समोर आला की, मामा, दूध घेता का?

एक दिवस तालमीत खुर्ची आली. लोखंडी, नव्या वेताची. रॉडच्या शेजारी ठेवली. कुणासाठी म्हणून विचारलं तर पोरं आरशात बघायला लागली. मला कळलं. खुर्चीत एकदा बसलो की संपलं. मग रॉड बघायचा, उचलायचा नाही. आणि रॉड सुटला की मी पुन्हा त्या खिडकीमागं, दुखण्याच्या पैजा लावत. मी खुर्चीवर माझा सदरा आणि टोपी ठेवली आणि रॉडकडं वळलो. दोन महिने त्या खुर्चीत माझा सदरा बसला.

मग खंडेनवमी आली.

मी सकाळी अंघोळ करून, चणे खाऊन, अंग मोकळं करून गेलो. तर तिथं पूजा उरकलेली. नगरपालिकेतला कुणी पुढारी पाहुणा बोलावला होता, त्याला पुढं देहूला जायचं होतं, म्हणून सगळं तासभर आधी. हत्यारं निजवली होती, न थकवताच. त्याहून मोठं शहाणपण पुढंच होतं. पूजा भरगच्च दिसावी म्हणून सेक्रेटरीनं तालमीत होती नव्हती ती सगळी चाकं रॉडवर चढवली होती. दोन्ही बाजूंना परात, परातीला लागून ताट, ताटाला ताटली, शेवटी वाटी, आणि त्यावरून झेंडूचे हार. लग्नाच्या रुखवतासारखं. एवढं वजन जमिनीवरून हलवणारा त्या तालमीत कुणी नव्हता. मी नव्हतो आणि आरशातली पोरंपण नव्हती. ह्यात त्याचा काही डाव होता असं लोक मागनं म्हणाले. मी म्हणत नाही. डाव करायला अक्कल लागते.

मला बघितल्यावर तो हार घेऊन पुढं आला. पोरांना गप्प केलं. पाहुण्याला सांगितलं की हे आमचे मामा, तालमीचे आधारस्तंभ, आजपासून आमचे मार्गदर्शक. आजपासून ते बसतील आणि आम्ही उचलू. टाळ्या झाल्या. माझ्या गळ्यात हार पडला. मग त्यानं कुंकवाची वाटी उचलली, आणि ज्या वाटीतलं बोट मगाशी रॉडला लावलं होतं त्याच वाटीतलं माझ्या कपाळाला लावलं. पाहुण्यानं माझ्या डोक्यावर दोन अक्षता टाकल्या, घड्याळ बघितलं आणि निघून गेला.

“मामा,” सेक्रेटरी म्हणाला, “मान तुमचाच. नुसता हात लावा रॉडला आणि बसा.”

खुर्ची पुसून ठेवली होती.

मी रॉडकडं बघितलं. चाकं उतरव म्हणणं सोपं होतं. पण मांडलेली पूजा विस्कटायची नाही हे मलापण कळतं. मी हट्टी आहे, नास्तिक नाही. आणि आहे तसा उचलायला जाणं म्हणजे सगळ्यांसमोर जमिनीला चिकटून राहणं. मग त्यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. पोरं वाट बघत होती. मी हात लावतो की नाही, एवढंच.

मी त्याला विचारलं, “पुजलेल्या हत्याराला आज काम लावायचं न्हाई ना?”

“नाही मामा. आज त्यांना विश्रांती.”

“तुझी पूजा झाली का?”

“माझी? माझी कोण करणार?”

“मग तू मोकळा हायेस,” मी म्हटलं.

हार काढून मारुतीच्या पायाशी ठेवला. कपाळ पुसलं. सेक्रेटरीसमोर बैठक मारली, त्याच्या मांड्यांना कव घातली, खांदा त्याच्या पोटात घातला आणि पाठ पाटासारखी ठेवून उठलो. तो आधी हसला. त्याला वाटलं मी पाया पडतोय. मग त्याचे पाय सुटले आणि त्याचं हसणं माझ्या पाठीमागं उलटं लटकलं. खिशातलं पेन पडलं. मऊ माणूस लोखंडापेक्षा वाईट, धरायला जागा नाही, सगळीकडून ओघळतो. तसाच त्याला घेऊन हौदाला वळसा घातला, दारापर्यंत गेलो आणि जिथं सगळ्यांच्या चपला होत्या तिथं सावकाश उतरवला. पोरं लोळत होती हसून. एकटा सेक्रेटरी म्हणत होता, मामा, हे बरं नाही, हे बरं नाही.

सावकाश उतरवला तो काही दयेनं नाही. उठतानाच कमरेत काहीतरी फाटल्यासारखं झालं होतं. टाकला असता तर मीही त्याच्यावर पडलो असतो.

मी टोपी घातली आणि ताठ घरी आलो. ताठ, कारण वाकताच येत नव्हतं. रस्त्यात दोघांनी नमस्कार केला, त्यांच्यासमोरून मी मान न हलवता गेलो. ते म्हणाले असतील, म्हाताऱ्याला माज आलाय.

घरी आल्यावर भिंतीला धरून जमिनीवर आडवा झालो. बायकोनं तव्यावर खडेमीठ तापवून फडक्यात बांधलं आणि शेकायला बसली. तोवर शेजारणीनं तिला सगळी बातमी आणून दिली होती. शेकता शेकता बोलली.

“माणूसच उचलायचा व्हता तर बारका तरी निवडायचा.”

“बारके माझ्या वाटंला जात न्हाईत,” मी म्हटलं.

“उद्या कसं उठणार?”

तोच तर प्रश्न होता. एक दिवस आडवं पडायला मला हरकत नव्हती. पण मी पडलोय हे तालमीत कळलं की खुर्ची कायमची माझी, आणि रॉड कायमचा दुसऱ्याचा. तो म्हणत होता तेच खरं झालं, असं पोरं म्हणाली असती. त्या पोटवाल्याचं खरं होणं, हे कंबरदुखीहून वाईट.

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरतात, सोनं म्हणून एकमेकांना देतात, थोरांच्या पाया पडतात. मी सुनेला सांगून ठेवलं होतं की कुणी आलं तर मी बाहेर गेलोय म्हण. तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. बायको दाराशी होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, आणि ती बाहेर काय बोलते ते मला ऐकू आलं.

“थांबा जरा. देवापुढं हायेत.”

देवापुढं कसला. मी जमिनीवर होतो. कुशीवर वळलो, गुडघे पोटाशी घेतले, खाटेचा पाय धरला, मग खाटेची कड धरली, मग खिडकीचा गज. वस्तादानं ॲक्सल उचलायला शिकवलं होतं, स्वतःला उचलायला शिकवलं नव्हतं. तोंडातून आवाज काढला नाही. उभा राहिलो तेव्हा घाम हनुवटीवरून टपकत होता. तो उपरण्यानं पुसला आणि म्हटलं, येऊ दे.

तो आत आला. पानं माझ्या हातात दिली आणि पाया पडायला वाकला. रीत अशी की आपण त्याला खांद्याला धरून उठवायचं. मी वाकू शकत नव्हतो. मी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि तो आपणहून उठेपर्यंत थांबलो. त्याला उठायला वेळ लागला.

“मामा, बरगडी दुखतीय कालपासनं,” तो म्हणाला.

“मिठानं शेक.”

बोलून गेलो आणि कळलं. मिठाचं गाठोडं खाटेखाली तसंच होतं, अजून वाफ येत होती. जमिनीवर माझी चटई, चटईवर उशी. त्यानं ते सगळं बघितलं. नोकरीच टाइम ऑफिसातली, कोण आलं, कोण पडून राहिलं हे बघण्यात त्याची उभी हयात गेलेली. मी खिडकीच्या गजाला पाठ टेकवून उभा होतो. आता हा बोलणार असं मला वाटलं. म्हणणार, मामा, मी काय सांगत होतो.

तो गाठोड्याकडं बघत म्हणाला, “पोरं विचारत होती, मामा उद्या येणार का.”

“उद्या मला काम हाय. चार-आठ दिवसांनी येईन.”

“बरं.”

“चाकं उतरवून ठेव.”

“किती ठेवू रॉडवर?”

“काही ठेवू नको.”

त्यानं मान हलवली. बायकोनं त्याच्या हातावर साखर ठेवली, ती खाल्ली आणि गेला. त्यानं तालमीत कुणाला सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं. ह्याबद्दल मी त्याचे उपकार मानावेत असं बायकोचं म्हणणं. मी मानत नाही. एवढं तर माणसानं करायचंच असतं. पण पोट असूनही त्यानं ते केलं, हे लिहून ठेवतो.

आठ दिवसांचे पंधरा झाले. मी गेलो तेव्हा रॉड रिकामा होता, हारांचा वाळका दोरा तेवढा एका टोकाला अडकलेला. तो मी तोडून टाकला. खुर्ची होती, तिच्यावर पोरांचे टॉवेल होते. सेक्रेटरी आरशाशी उभा होता, मला बघून दोन पावलं लांब सरकला.

पहिल्यांदा आलो होतो तेव्हा रिकाम्या रॉडवर हसणारे होते. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मला ते आवडलं नाही. हसणाऱ्याला दाखवता येतं, गप्प बसणाऱ्याला काय दाखवणार. मी पाय रोवले, मांड्यांत बसलो, रॉड नडग्यांना घासत वर आणला. छातीशी आला तेव्हा कंबर बोलली. तिला म्हटलं, बोल. तू डॉक्टरच्या वेळेपासून बोलतीयस. खांद्यावर थांबलो, श्वास घेतला आणि डोक्यावर नेला. रिकामा रॉड आणि कोपरं सरळ होईनात, मला माझीच किळस आली.

खाली ठेवला. एकजण वाटी घेऊन पुढं आला, चढवू का मामा म्हणून. मी म्हटलं, तुला घाई असेल तर तुझ्या पाळीला चढव.

पुन्हा मांड्यांत बसलो.